ती आरोळी कुणाची? जॉनी कॅशची ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ पुन्हा तबकडीवर

काठावरचा (धागाकर्ता)

अमेरिकी गायक जॉनी कॅशच्या या रेकॉर्डच्या माझ्या प्रतीवर पहिल्या बाजूला एक चरा आहे, नखाला लागेल इतका. तो नेमका पाचव्या गाण्यावर येतो, ‘ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स टु गो’वर. फाशीच्या तख्ताकडे निघालेला माणूस उरलेली मिनिटं मोजतोय, असं ते गाणं. तबकडीच्या दर फेऱ्याला, म्हणजे दोन सेकंद व्हायच्या आत, सुई त्या चऱ्यावरून जाते आणि ‘टक्’ होतं. परवा शनिवारी बऱ्याच वर्षांनी ही रेकॉर्ड लावली आणि त्या गाण्याला हात-पाय गार पडले. घड्याळ खोलीत असल्यासारखं वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅलिफोर्नियातल्या फॉल्समला राहायला आलो, तेव्हा सॅक्रामेंटोतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ही चार डॉलरला मिळाली. कोलंबिया कंपनीचं लाल लेबल, खाली ‘३६० साउंड’ लिहिलेलं. पुढच्या कव्हरवर घामाने डबडबलेला कॅशचा चेहरा आणि मागे त्याने स्वतः लिहिलेला मजकूर. कोठडीचं दार पाठीमागे धाडकन बंद होतं, त्या आवाजापासून तो मजकूर सुरू होतो. ही जिथे रेकॉर्ड झाली तो फॉल्समचा तुरुंग माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. गावाने एका सायकलवाटेला कॅशचं नाव दिलंय आणि त्या वाटेवरच्या पुलाचे मनोरे तुरुंगाच्या दरवाजाच्या मनोऱ्यांसारखे बांधलेत. मुलीला सायकल शिकवली ती त्याच वाटेवर.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १३ जानेवारी १९६८, शनिवार. तुरुंगाच्या जेवणघरात कॅशने दोन कार्यक्रम केले, एक सकाळी पावणेदहाच्या सुमारास आणि दुसरा दुपारी. दर वेळी समोर सुमारे हजार कैदी. बरोबर त्याची तीन माणसं: ल्यूथर पर्किन्स गिटारवर, मार्शल ग्रँट बासवर, ‘फ्लूक’ हॉलंड ड्रम्सवर. शिवाय जून कार्टर, कार्ल पर्किन्स आणि स्टॅटलर ब्रदर्स. निर्माता बॉब जॉन्स्टन. तो तेव्हा बॉब डिलनच्याही रेकॉर्डी करत होता. तुरुंगात रेकॉर्ड करायचा हट्ट कॅशने कित्येक वर्षं धरला होता आणि कंपनी दाद देत नव्हती. १९६७ मध्ये जॉन्स्टन आला, त्याने फॉल्सम आणि सॅन क्वेंटिन या दोन्ही तुरुंगांकडे विचारणा केली. फॉल्समचा होकार आधी आला. कॅश गोळ्यांच्या व्यसनातून जेमतेम वर येत होता, रेकॉर्डी पूर्वीसारख्या खपत नव्हत्या. दोन्ही कार्यक्रम मिळून जे जमलं, त्यातली सोळा गाणी मे १९६८ मध्ये बाजारात आली. ‘गिव्ह माय लव्ह टु रोझ’ आणि ‘आय गॉट स्ट्राइप्स’ ही दोन दुपारची, बाकी सगळी सकाळची.

आता खरा मुद्दा. पहिलंच गाणं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’. दुसऱ्या कडव्यात ती प्रसिद्ध ओळ येते, रेनोमध्ये एका माणसाला नुसतं मरताना बघायचं म्हणून गोळी घातल्याची. ओळ संपते न संपते तोच जेवणघरातून एक आरोळी उठते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. मी ही रेकॉर्ड कुणालाही ऐकवताना त्या जागी आवाज वाढवायचो.

ती आरोळी तिथली नाही. नंतर स्टुडिओत जोडलेली आहे. मूळ टेपा ऐकलेल्या अभ्यासकांनी हे केव्हाच सांगितलंय. त्या ओळीला कैदी गप्प होते. डोक्यावरच्या मार्गिकांवर बंदुका घेतलेले पहारेकरी उभे, समोर तुरुंगाचे अधिकारी. खुनाच्या ओळीला कोण ओरडेल?

मला हे कळलं चार वर्षांपूर्वी आणि रागाने रेकॉर्ड कपाटात ठेवली ती परवापर्यंत. ज्या क्षणासाठी ती लावायचो तोच कुणीतरी चिकटवलेला निघाला, मग उरलं काय?

परवा दोन्ही बाजू सलग ऐकल्या. आरोळीची वाट न बघता पहिल्यांदाच ऐकल्या असं म्हणेन. आणि इतकं काय काय ऐकू आलं! ‘डार्क अ‍ॅज द डंजन’ हे खाणकामगारांचं गाणं, मर्ल ट्रॅव्हिसचं. अंधार, ओल आणि कोळसा यांचं. ते गाताना कॅशला मध्येच हसू येतं, कारण समोरून कुणीतरी काहीतरी करतंय. तो त्यांना दटावतो, पण लाडाने. ‘कोकेन ब्लूज’च्या शेवटी मूळ गाण्यातल्या तुरुंगाच्या जागी तो ‘फॉल्सम’ घालतो आणि तिथे जो कल्लोळ होतो तो शंभर टक्के त्यांचा आहे. गाण्यांच्या मध्ये तुरुंगाच्या कर्ण्यावरून सूचना येतात, कैद्यांना नंबराने बोलावलं जातं. नाव नाही, नंबर. हजार माणसं गाणं ऐकतायत आणि त्यातल्या एका नंबराला उठून जायचंय. हा आवाज कुठल्या स्टुडिओत जोडणार?

ती आरोळी बनावट निघाली म्हणून मला आता त्या ओळीनंतरची खरी शांतता जास्त ऐकावीशी वाटते. ती रेकॉर्डवर नाही, झाकली गेलीय. पण बाकीच्या चाळीसेक मिनिटांत जागोजागी तिचा अंदाज येतो. तुमच्याकडे असेल तर पुन्हा लावा आणि सांगा.

*

तबकडीप्रेमी

सुंदर धागा. थोडी भर घालतो. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं १९६८ चं नाही, १९५५ चं. सन रेकॉर्ड्सवर निघालं तेव्हा कॅश अगदी नवखा होता. अमेरिकी हवाई दलात असताना पश्चिम जर्मनीतल्या लँड्सबर्गला त्याने फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला, त्यावरून सुचलं. त्याने तोवर फॉल्सम पाहिलंही नव्हतं. चाल आणि बरेच शब्द गॉर्डन जेन्किन्सच्या १९५३ मधल्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’वरून उचललेले, त्यापायी पुढे सुमारे ७५ हजार डॉलर मोजावे लागले. म्हणजे जोडाजोडीचा इतिहास त्या आरोळीच्याही आधीपासूनचा आहे.

चऱ्याबद्दल: नखाला लागतोय म्हणजे तो जाणार नाही. पण धूळ बसू देऊ नका. ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेने गोल, आडवं कधीच नाही.

*

मालाडचा_मुलगा

रेनो नेवाडात आणि फॉल्सम कॅलिफोर्नियात. रेनोत खून केलेला माणूस कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात कसा, हा प्रश्न मला कॉलेजपासून छळतोय.

*

काठावरचा

@मालाडचा_मुलगा, हा प्रश्न इथल्या लोकांनीही खूप विचारलाय. मला वाटतं नावाचा नाद महत्त्वाचा होता, नकाशा नव्हे. पण गाण्याच्या सुरुवातीला कैद्याला ऐकू येते ती आगगाडी मात्र बरोबर बसते. सॅक्रामेंटोहून फॉल्समपर्यंतचा रेल्वेमार्ग १८५६ चा, कॅलिफोर्नियातला पहिला. आजही लोकल गाडीचं शेवटचं स्टेशन जुन्या फॉल्सम गावात आहे. रात्री वारा आमच्या बाजूचा असेल तर घंटी ऐकू येते.

@तबकडीप्रेमी, डिस्टिल्ड वॉटर आणलं. धन्यवाद.

*

शेवंता_नाशिक

माझा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत होता. प्रत्येक फेरीत बंदरांवरून रेकॉर्डी आणायचा, त्यात ही होती. आमच्या वाड्यात संध्याकाळी रेडिओवर भावगीतं आणि नंतर दादाच्या खोलीतून हा घोगरा आवाज. आईला एक शब्द कळायचा नाही, पण ‘जॅक्सन’ लागलं की ती पोळ्या लाटता लाटता मान हलवायची. नवरा-बायकोचं भांडण आहे हे तिला आवाजावरूनच कळलं होतं. दादाने सांगितलं की हे दोघं, कॅश आणि जून कार्टर, अजून नवरा-बायको नाहीत. ती म्हणाली, “होतील.”

खरं तर रेकॉर्ड येण्याआधीच झाले होते. कार्यक्रमानंतर दीड महिन्याने, १ मार्च १९६८ ला. दादाने ते कुठेतरी वाचून आईला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली होती.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. रेकॉर्डी माझ्याकडे आहेत, पण प्लेअर बंद आहे. बेल्ट सैल झालाय म्हणतात. तुमचा धागा वाचून आज तो माळ्यावरून खाली काढला.

*

तबकडीप्रेमी

शेवंताताई, बेल्ट बदलायला फार खर्च येत नाही. जुन्या बेल्टची आतली गोलाई दोऱ्याने मोजून ठेवा, त्या मापाचा मिळतो. सुई मात्र नवीन घ्या. इतकी वर्षं पडून असलेल्या सुईने दादांच्या रेकॉर्डी लावू नका, खाचा खराब होतील.

*

उंबरठा

मला इथे वेगळं म्हणायचंय आणि मनापासून म्हणतो. खून, दरोडे केलेल्या लोकांसमोर जाऊन खुनाची गाणी म्हणायची आणि त्यांना हसवायचं, हे मला कधीच पचलेलं नाही. ज्यांची माणसं मारली गेली त्यांनी ही रेकॉर्ड ऐकली असेल तर? तुम्ही म्हणता आरोळी खोटी. म्हणजे कंपनीने कैद्यांना होते त्याहून क्रूर दाखवलं आणि तेच विकलं. याबद्दल तुम्हाला काही वाटत नाही का?

*

काठावरचा

@उंबरठा, वाटतं. तुम्ही जे शेवटचं लिहिलंत ते माझ्या धाग्यातही असायला हवं होतं. ती आरोळी जोडणाऱ्याने कैद्यांना आपल्याला हवं तसं वागायला लावलं. ऐकणारे आपण सगळे पन्नास वर्षं त्याला टाळ्या देत आलो.

त्याच वर्षीची गोष्ट आहे. गाणं रेडिओवर वर चढत होतं आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडींना गोळी घातली गेली. स्टेशनांनी गाणं वाजवणं थांबवलं. मग कंपनीने रेनोची ओळ कापून नवी प्रत काढली, कॅशचा विरोध असताना. म्हणजे आधी त्या ओळीमागे आरोळी जोडली आणि नंतर ओळच काढली.

पण कैद्यांसमोर गाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. कॅशला स्वतःला तुरुंगवासाची शिक्षा कधी झाली नाही, लॉकअपमध्ये काही रात्री काढल्या एवढंच. तरी तो १९५७ पासून, टेक्ससमधल्या हंट्सव्हिलपासून, तुरुंगांमध्ये गात होता आणि तेव्हा रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं. १९७२ मध्ये तो तुरुंग-सुधारणांसाठी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेला. बरोबर ग्लेन शर्ली होता. त्याच्याबद्दल वेगळं लिहायचंय, आज रात्री लिहितो.

*

पेटीवाला

मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. काही वर्षांपूर्वी आषाढीला एका जिल्हा कारागृहात आमचं भजन होतं. धागाकर्त्यांनी शांततेबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो.

पहिला अभंग संपला आणि कुणीच टाळी वाजवली नाही. आम्हाला वाटलं आवडलं नाही. मग बघितलं तर पुढच्या रांगेतला एक पंचेचाळिशीचा माणूस, हात मांडीवर उलटे ठेवलेले, मान न वळवता नुसते डोळे बाजूला करून शिपायाकडे बघत होता. सगळी रांगच तसं बघत होती. शिपायाने हलकीच मान हलवली, तेव्हा टाळ्या झाल्या. चौथ्या अभंगापर्यंत ते बघायचं विसरले. ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर चालू झाला तेव्हा तोच माणूस उभा राहून ओरडत होता, गळ्याच्या शिरा ताणून.

म्हणून त्या ओळीला फॉल्सममध्ये कुणी ओरडलं नसणार, हे मला कुणी टेपा ऐकून सांगायची गरज नव्हती. पहिल्या गाण्याला कुणीच ओरडत नाही.

*

रानवारा

पेटीवाले काका, काय लिहिलंत! दोनदा वाचलं.

याला जोडून एक गोष्ट. सूत्रसंचालक ह्यू चेरीने कैद्यांना आधीच बजावलं होतं, की कॅश मंचावर आला तरी कुणी आवाज करायचा नाही. त्याने स्वतःचं नाव सांगितलं की मगच. म्हणून रेकॉर्ड सुरू होते ती शांततेत. मग तो शांतपणे नमस्कार करून नाव सांगतो आणि तेव्हा जो स्फोट होतो तोही एका अर्थाने परवानगीने झालेला. शिपायाने मान हलवली तसंच ते.

मी गिटार शिकतोय म्हणून माझा जीव ल्यूथर पर्किन्समध्ये. त्याच्या वाजवण्यात काहीच नाही असं आधी वाटतं. जाड तारा, तळहाताने दाबलेल्या, आणि तोच तो ‘बूम-चिका-बूम’. सुरुवातीला यांच्याकडे ड्रम नव्हता, कॅश गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवून ड्रमसारखा आवाज काढायचा. ड्रमवाला नंतर आला, पण ल्यूथर तसाच राहिला. गाणं आगगाडीचं आहे आणि रूळ ल्यूथरचे आहेत. सहा महिने प्रयत्न करतोय, मला तितकं कमी वाजवता येत नाही.

ऑगस्ट १९६८ मध्ये, रेकॉर्ड येऊन तीन महिने झाले असताना, घराला लागलेल्या आगीत भाजून तो गेला. पुढच्या वर्षीच्या सॅन क्वेंटिनच्या रेकॉर्डवर त्याच्या जागी बॉब वूटन आहे. चांगला वाजवतो. पण मी फॉल्समच लावतो.

*

मालाडचा_मुलगा

मी ही फक्त मोबाइलवर ऐकली होती, १९९९ नंतरची आवृत्ती, जिच्यात तीन गाणी जास्त आहेत आणि शिव्या झाकलेल्या नाहीत. तुमच्या जुन्या तबकडीवर त्या झाकलेल्या असतील ना? मग खरी कुठली मानायची?

*

काठावरचा

हो, माझ्या प्रतीवर त्या जागी ‘पूं’ वाजतं. माझं मत विचारशील तर जास्तीची गाणी जरूर ऐक, त्यातलं ‘द लेजंड ऑफ जॉन हेन्रीज हॅमर’ तर फारच. २००८ च्या संचात दोन्ही कार्यक्रम आहेत, तोही ऐक. पण रेकॉर्ड म्हणून मला जुनी सोळा गाण्यांचीच जवळची. पहिली बाजू ‘द लाँग ब्लॅक व्हेल’वर संपते. निर्दोष माणूस फासावर जातो, पण मित्राच्या बायकोबरोबर होतो हे सांगत नाही. मग सुई उचलायची, तबकडी उलटायची, आणि दुसरी बाजू लागते ती थेट आईला फोटो पाठवायच्या गाण्यावर, ‘सेंड अ पिक्चर ऑफ मदर’. मधल्या त्या वीस सेकंदांत खोलीत काहीच नसतं. मोबाइलवर ते वीस सेकंद मिळत नाहीत.

आता ग्लेन शर्ली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळी सॅक्रामेंटोच्या एका मोटेलात तालीम करत होती. तिथे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगनही भेटून गेले. कॅशचे स्नेही, पाद्री फ्लॉइड ग्रेसेट तुरुंगात जात-येत असत. त्यांनी एक टेप आणली. सशस्त्र दरोड्याची शिक्षा भोगणाऱ्या शर्लीने तुरुंगातल्या दगडी प्रार्थनाघरावर लिहिलेलं ‘ग्रेस्टोन चॅपेल’ तिच्यावर होतं. कॅशने ते त्या रात्री बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं गाणं म्हणून म्हटलं. शर्ली पुढच्याच रांगेत बसलेला. त्याला हे आधी सांगितलेलं नव्हतं.

परवा हे गाणं मी तीनदा लावलं. कॅशला ते नीट पाठ झालेलं नाही, हे कळतं. तो जपून गातो, एकेक शब्द पारखून, आणि मागे स्टॅटलर ब्रदर्स त्याला सावरून धरतात. इतका वेळ हा माणूस त्या खोलीचा मालक असल्यासारखा वावरत होता. इथे तो कुणाच्या तरी घरात चप्पल काढून आल्यासारखा गातो.

शर्ली १९७१ मध्ये सुटला. कॅशने त्याला आपल्या ताफ्यात घेतलं, गाणी दिली, मंच दिला. बाहेरचं जग त्याला झेपलं नाही. ताफ्यात राहणं जमेना, शेवटी कॅशला त्याला दूर करावं लागलं. १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. @उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण माझ्यासाठी ही रेकॉर्ड आता त्या पुढच्या रांगेतल्या माणसाची आहे.

*

उंबरठा

हे मला माहीत नव्हतं. आज ‘ग्रेस्टोन चॅपेल’ ऐकलं, फक्त तेवढंच. खुनाच्या गाण्यांबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण कॅशने शर्लीचं नाव घेतल्यावर जो आवाज होतो तो कुणी जोडला नसेल, असं मला मनापासून वाटतं.

*

शेवंता_नाशिक

प्लेअर दुरुस्त झाला. नातवाने दोऱ्याने माप घेतलं, बेल्ट आणला, सुईही नवी बसवली. आज दुपारी दादाची रेकॉर्ड लावली. पहिली बाजू चांगली आहे. दुसऱ्या बाजूला ‘जॅक्सन’वर इतक्या वेळा सुई ठेवलेली आहे की गाणं सुरू व्हायच्या आधी खरखर येते. ती आईमुळे. ‘परत लाव’ म्हणायची ना.

पुसली नाही ती बाजू. तशीच ठेवलीय.